त्वरण निम्मंच का येतंय? (एकसमान त्वरण, एक फळी आणि एक गोळी)

पाऊलखूण:

मंडळी, जरा मदत हवीये. भाचीला एकसमान त्वरणाचा धडा समजावत होतो, नुसती समीकरणं घोकून घेण्यापेक्षा हाताने करून बघू म्हणून दोघांनी मिळून प्रयोग मांडला. दोन मीटरची लाकडी फळी, तिच्या मधोमध लांबीभर चर, एका टोकाखाली पुस्तकं ठेवून ते टोक ६ सेमी उचललं आणि वरून स्टीलची गोळी सोडली, हाताने ढकलली नाही, नुसती सोडली. मोबाईल समोर स्टँडवर, व्हिडिओ चालू, फळीच्या कडेला मोजपट्टी चिकटवलेली.

१६० सेमीच्या खुणेपर्यंत यायला गोळीला ४ सेकंद लागले, तीनदा करून बघितलं, तीनही वेळा तेच. मी म्हटलं सोपं आहे, वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, १६० भागिले ४ म्हणजे ४० सेमी/से. त्वरण म्हणजे वेगातला बदल भागिले वेळ, शून्यावरून ४० वर गेली ४ सेकंदांत, म्हणजे १० सेमी/से². तिने वहीत उतरवून घेतलं.

मग तिनेच व्हिडिओ मागे घेऊन दाखवलं की शेवटच्या अर्ध्या सेकंदात गोळी जवळपास १२२ वरून १६० वर जातेय. म्हणजे अर्ध्या सेकंदात ३८ सेमी, म्हणजे ७६ सेमी/से! कुठे ४० आणि कुठे ७६. ती म्हणाली, मामा मग हा ४० वेग नक्की कुठला? मला सांगता आलं नाही. वर पुस्तकातलं एस = अर्धा ए टी² (एस अंतर, ए त्वरण, टी वेळ) लावलं तर त्वरण २० येतं, माझ्या उत्तराच्या बरोब्बर दुप्पट. हे बरोब्बर दुप्पट येणं मला जास्त छळतंय. माझं चुकतंय कुठे?

त्रिज्या:

पाऊलखूण, तुमच्या भाचीने विचारलेला प्रश्न हाच या धड्यातला खरा प्रश्न आहे. ‘४० हा वेग कुठला?’ याचं उत्तर मिळालं की बाकीची समीकरणं आपोआप हाताशी येतात.

१६० भागिले ४ केलंत तो सरासरी वेग. सबंध ४ सेकंदांत मिळून गोळी सरासरी किती वेगाने गेली तो. ती सुरुवातीला थांबलेलीच होती, शेवटी जोरात होती, त्यामुळे ४० हा ना सुरुवातीचा वेग ना शेवटचा. तुम्ही त्वरण काढताना मात्र त्याला शेवटचा वेग धरलंत, ‘शून्यावरून ४० वर गेली’ म्हणालात. ती शून्यावरून ८० वर गेलीये. वेग सारख्या प्रमाणात वाढत असेल तर सरासरी ही सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाच्या बरोबर मधोमध असते, (० + शेवटचा) भागिले २ = ४०, म्हणून शेवटचा ८०. आता ८० भागिले ४, त्वरण २०. स्थिर अवस्थेतून निघालेल्या वस्तूच्या बाबतीत ही चूक केली की उत्तर कायम निम्मंच येतं, म्हणून तुम्हाला बरोब्बर दुप्पटचा फरक दिसला.

आणि तिचे ७६ पण बरोबर आहेत. ती पण सरासरीच आहे, फक्त शेवटच्या अर्ध्या सेकंदापुरती. साडेतीन सेकंदाला वेग ७०, चार सेकंदाला ८०, त्यांच्या मधला ७५. मोजताना थोडं इकडेतिकडे होणारच.

पाऊलखूण:

अरे हो. म्हणजे मी सरासरी वेगालाच अंतिम वेग समजून बसलो. पण मग एक शंका, हा ४० वेग गोळीला कधीतरी प्रत्यक्षात असतो का, की नुसता हिशोबातला आकडा?

मध्यबिंदू:

असतो ना, अर्ध्या अंतरावर, ८० सेमीच्या खुणेपाशी. शून्य ते ८० च्या मधला म्हणजे मधल्या खुणेवर.

त्रिज्या:

मध्यबिंदू, इथे थांबू या, कारण ही चूक मी शिकवताना खूप मुलांच्या वहीत बघितलीये आणि ती अगदी सहज होते. मधला वेग हा मधल्या *वेळेला* असतो, मधल्या अंतरावर नाही. त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारी वाढ, दर सेंटीमीटरला होणारी नव्हे. ४ सेकंदांचा मध्य २ सेकंद, तेव्हा वेग ४०. आणि २ सेकंदांना गोळी कुठे असते? अर्धा × २० × ४ = ४० सेमी. म्हणजे फळीवर पाव अंतरावरच. (वेग ४० आणि खूण पण ४०, हा इथला योगायोग आहे, त्यातून काही नियम काढू नका.)

८० सेमीच्या खुणेवर वेग काढायचा तर व्ही² = २ ए एस (व्ही म्हणजे त्या खुणेवरचा वेग), म्हणजे २ × २० × ८० = ३२००, वर्गमूळ ५६.६ सेमी/से. गोळी पहिल्या अर्ध्या अंतरात रेंगाळते, दुसरं अर्धं झटकन संपवते, म्हणून मधल्या खुणेपर्यंत येईस्तोवर बराच वेळ उलटून गेलेला असतो, जवळजवळ २.८ सेकंद.

मध्यबिंदू:

पटलं. मी नावालाच जागलो म्हणायचं 🙂 पण खरंच मी इतकी वर्षं अंतराचाच मध्य धरत होतो, आणि एकदाही कुणी खोडून दाखवलं नव्हतं. धन्यवाद.

लंबक:

ही मधल्या वेळेची गोष्ट खूप जुनी आहे. १४ व्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या लोकांनी ती मांडली, की सारख्या प्रमाणात वेग वाढत असलेली वस्तू जेवढं अंतर कापते, तेवढंच अंतर मधल्या क्षणाच्या वेगाने एकसारखी चालणारी वस्तू तेवढ्याच वेळात कापते. नंतर त्याच शतकात फ्रान्सच्या ओरेमने ती आकृतीने दाखवली. आडव्या रेषेवर वेळ, त्यावर उभ्या रेषांनी वेग, त्रिकोण तयार होतो, आणि त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ निम्म्या उंचीच्या आयताएवढं. आपण आज वेग-काळ आलेखाचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन म्हणतो ते हेच.

आणि मध्यबिंदू, वेळ की अंतर या गोंधळात खुद्द गॅलिलिओसुद्धा पडला होता. १६०४ च्या एका पत्रात त्याने पडणाऱ्या वस्तूचा वेग कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असं गृहीत धरलं होतं. नंतर त्याच्या लक्षात आलं की तो काळाच्या प्रमाणात वाढतो, आणि १६३८ च्या पुस्तकात ते नीट छापून आलं. त्यातला प्रयोग तुमच्यासारखाच, लांब लाकडी तुळई, तिला बोटभर रुंदीचा चर, आतून गुळगुळीत चर्मपत्र लावलेलं, त्यातून काशाची गोळी सोडायची, आणि वेळ मोजायला मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी जमवून त्याचं वजन करायचं. पाऊलखूण, तुमच्याकडे व्हिडिओ आहे, तेव्हा दर अर्ध्या सेकंदाला गोळी कुठे आहे ते वाचून इथे टाका. नुसते दोन टोकांचे आकडे घेऊन बसलात तर त्वरण खरंच एकसमान आहे का हेच कळणार नाही.

पाऊलखूण:

हे घ्या. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा आहे, म्हणून दर १५ फ्रेमला थांबवून गोळीची पुढची कड मोजपट्टीवर कुठे आहे ते भाचीने वाचलं, मी लिहिलं. ० सेकंदापासून दर अर्ध्या सेकंदाला, सेमीमध्ये:

०, २.५, १०.१, २२.४, ४०.०, ६२.३, ९०.२, १२२.४, १६०.१

शेवटी शेवटी गोळीची कड धूसर दिसते, लांबट डाग झाल्यासारखी, तिथे आम्ही डागाची पुढची कड धरली.

नवशिकी:

मी पण बसून हिशोब केला, मला पण हा धडा आहे. लागोपाठच्या आकड्यांतले फरक काढले:

२.५, ७.६, १२.३, १७.६, २२.३, २७.९, ३२.२, ३७.७

हे जवळजवळ १, ३, ५, ७, ९ च्या पाढ्यात वाढताहेत, २.५ ची पट. भारी वाटलं! पण मग फरकांतले फरक काढले तर ५.१, ४.७, ५.३, ४.७, ५.६, ४.३, ५.५ असे आले. त्यांना ०.२५ ने भागलं तर त्वरण कुठे १७.२ येतंय तर कुठे २२.४. मग त्वरण एकसमान आहे असं कसं म्हणायचं? प्रयोग चुकलाय का?

लंबक:

प्रयोग छान झालाय, नवशिकी, आणि तू हिशोबही बरोबर केलायस. विषम संख्यांचा तो क्रम गॅलिलिओने पण सांगितलाय, स्थिर अवस्थेतून निघालेली वस्तू लागोपाठच्या सारख्या वेळांत १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापते.

आता ते हिंदकळणारे आकडे. समज ९०.२ हा आकडा वाचताना एकच मिलिमीटर जास्त वाचला गेला, खरा ९०.१ होता. मग त्याच्या आधीचा फरक ०.१ ने वाढला आणि नंतरचा ०.१ ने कमी झाला. फरकांच्या फरकात ती एक चूक तीन ठिकाणी शिरते, शेजारच्या दोन जागी ०.१ ने वाढ आणि मधल्या जागी ०.२ ने घट. वर आपण ०.२५ ने भागतो, म्हणजे चौपट करतो. एका मिलिमीटरची चूक त्वरणात ०.८ सेमी/से² एवढी होऊन बसते, आणि अशा दोनतीन चुका एकत्र आल्या की १७ आणि २२ दिसायला लागतात. तुझेच आकडे नीट बघ, एकदा जास्त, एकदा कमी, परत जास्त, असे दोन्हीकडे झुलताहेत, एका दिशेने सरकत नाहीयेत. त्वरण खरंच बदलत असतं तर ते हळूहळू वाढत किंवा घटत गेले असते.

नवशिकी:

मग त्या सातांची सरासरी काढू का? काढली, ५.०३ आली, भागिले ०.२५ म्हणजे २०.१. झालं ना?

त्रिज्या:

आकडा चांगला आलाय, पण त्या सरासरीत काय होतं ते एकदा लिहून बघ, गंमत आहे. दुसऱ्या फरकांची बेरीज करताना मधले सगळे आकडे एकमेकांना खातात, उरतात फक्त शेवटचा आणि पहिला फरक, ३७.७ वजा २.५, भागिले ७. म्हणजे मधली सगळी मेहनत वाया, उत्तर ठरतं ते पहिल्या अर्ध्या सेकंदावर आणि शेवटच्या धूसर डागावर. त्यापेक्षा वेग-काळ आलेख काढ. प्रत्येक फरकाला ०.५ ने भागलंस की त्या अर्ध्या सेकंदाचा सरासरी वेग मिळतो, आणि तो मधल्या वेळेला मांडायचा. पहिला ०.५ सेकंदाला नाही, ०.२५ ला. हे पुन्हा सांगतेय कारण आलेख काढताना निम्मे लोक बिंदू तुकड्याच्या शेवटी मांडतात.

०.२५ ला ५.०
०.७५ ला १५.२
१.२५ ला २४.६
१.७५ ला ३५.२
२.२५ ला ४४.६
२.७५ ला ५५.८
३.२५ ला ६४.४
३.७५ ला ७५.४

आता पट्टी घेऊन या आठ बिंदूंतून अशी रेष ओढ की काही बिंदू वर राहतील काही खाली, आणि रेषेवरचेच दोन लांबलांबचे बिंदू घेऊन चढ काढ (मोजलेले बिंदू नाही, रेषेवरचे). मी आकडेमोडीने सगळ्यात जवळची रेष काढून बघितली, चढ २०.०४ सेमी/से² आणि शून्य सेकंदाला वेग जवळपास शून्य, म्हणजे तुम्ही गोळी न ढकलता सोडली होती हे पण आलेखाने सांगून टाकलं.

बिंदू तुकड्याच्या शेवटी मांडले असते तरी चढ तोच आला असता, रेष फक्त उजवीकडे सरकली असती. पण मग शून्य सेकंदाला वेग उणे ५ दाखवला असता, आणि गोळी आधी उतारावर वर चढत होती असा अर्थ झाला असता.

पाऊलखूण:

हे भाचीला वाचून दाखवलं. तिने आलेख वहीतल्या चौकटींच्या कागदावर काढला, तिच्या रेषेचा चढ १९.८ आला. ती भलतीच खूश आहे. पण दुसरा एक व्हिडिओ आहे त्यात गडबड झाली, मी रेकॉर्डिंगचं बटण उशिरा दाबलं, गोळी आधीच निघालेली होती. त्यात पहिल्या फ्रेमपासून दर अर्ध्या सेकंदाचं अंतर १०, १५, २०, २५, ३० असं आहे. हा टाकून द्यायचा ना? १, ३, ५ पण नाहीत.

लंबक:

मुळीच टाकू नका, हा तर जास्त शिकवणारा आहे. १, ३, ५ चं प्रमाण फक्त स्थिर अवस्थेतून सुरुवात झाली तरच लागू होतं. पण फरकांतला फरक बघा, सगळीकडे ५ च. भागिले ०.२५, त्वरण २०. घड्याळ कधी सुरू केलं याच्याशी त्वरणाला काही देणंघेणं नाही.

आता सुरुवातीचा वेग. पहिल्या अर्ध्या सेकंदाचा सरासरी वेग १० भागिले ०.५ = २०, हा ०.२५ सेकंदाचा वेग. त्याच्या पाव सेकंद मागे जायचं, २० वजा २० × ०.२५ = १५ सेमी/से. म्हणजे तुम्ही बटण दाबलंत तेव्हा गोळी १५ च्या वेगाने चालली होती, सोडून पाऊण सेकंद झाला होता. हेच व्ही = यू + ए टी (यू म्हणजे सुरुवातीचा वेग), फक्त उलट्या दिशेने.

आणि इथे एस = अर्धा ए टी² डोळे झाकून लावलं असतं तर? अडीच सेकंदांत १०० सेमी, २०० भागिले ६.२५, त्वरण ३२. साफ चूक, कारण त्या सूत्रात यू शून्य धरलाय. यू टी सकट पूर्ण लावा, १५ × २.५ = ३७.५, उरले ६२.५, दुप्पट १२५, भागिले ६.२५ = २०. जुळलं.

नवशिकी:

मला एक विचारायचंय. तीन समीकरणांतलं कधी कुठलं वापरायचं हे मला परीक्षेत सुचतच नाही. पाठ आहेत तिन्ही.

त्रिज्या:

तीन वेगळी समीकरणं आहेत असं समजूच नकोस. गोष्टी दोनच आहेत. एक, वेगातला बदल = त्वरण × वेळ. दोन, विस्थापन = मधला वेग × वेळ, जिथे मधला वेग म्हणजे (यू + व्ही) भागिले २. बाकी यातूनच निघतं. पहिल्यातला व्ही दुसऱ्यात टाकलास की एस = यू टी + अर्धा ए टी². आणि वेळ नको असेल तर दोन्ही असे बघ: व्ही वजा यू = ए टी, आणि व्ही अधिक यू = २ एस भागिले टी. दोघांचा गुणाकार कर, टी उडून जातो, डावीकडे व्ही² वजा यू², उजवीकडे २ ए एस. एकदा स्वतः करून बघ, परत विसरणार नाहीस.

गणितात काय दिलंय आणि काय विचारलंय ते आधी अक्षरांत लिही. यू, व्ही, ए, एस, टी यातलं ज्याचा गणितात उल्लेखच नाही ते नसलेलं समीकरण घे. बस.

एककं मात्र आधी एक करून घे, ताशी किलोमीटरला ५ ने गुणून १८ ने भागायचं. हे विसरून जेवढे मार्क जातात तेवढे समीकरण चुकून जात नसतील.

पायवाट:

मी वाचत होतो गुपचूप. मला ब्रेकच्या गणिताने कायम फसवलंय. गाडी ताशी ७२ किमी म्हणजे २० मी/से, ब्रेक लावल्यावर त्वरण उणे ५ मी/से², ६ सेकंदांत किती अंतर जाईल? मी सरळ लावलं, २० × ६ वजा अर्धा × ५ × ३६, १२० वजा ९०, ३० मीटर. उत्तर ४० आहे म्हणे. समीकरण तर बरोबर लावलंय.

त्रिज्या:

समीकरण बरोबर आहे पण त्याला गाडी थांबल्याचं माहीत नाही. २० भागिले ५, गाडी ४ सेकंदांत थांबली, मधला वेग १०, अंतर ४० मीटर. तुम्ही ६ सेकंद टाकलेत, तेव्हा समीकरणाने पुढचे २ सेकंद पण उणे ५ चालूच ठेवलं, गाडी १० मीटर मागे नेली आणि ३० दाखवले. ब्रेक गाडीला थांबवतो, रिव्हर्स नेत नाही. एकसमान त्वरणाची समीकरणं ते त्वरण चालू असेपर्यंतच खरी, म्हणून वेग कमी होतोय असं दिसलं की आधी थांबायला लागणारी वेळ काढा, मगच पुढे जा.

सरळ वर फेकलेल्या चेंडूचं मात्र उलट. १९.६ मी/से ने वर फेकला, २ सेकंदांत माथ्यावर, १९.६ मीटर उंचीवर, वेग शून्य. पण गुरुत्व त्वरण ९.८ तिथेही चालूच असतं, एका क्षणालाही सुट्टी नाही, म्हणून चेंडू परत येतो, आणि तिथे टी = ३ टाकलं तर येणारं उत्तर अगदी खरं आहे, १४.७ मीटर, खाली येताना. ‘माथ्यावर वेग शून्य म्हणून त्वरणही शून्य’ असं कुणी लिहिलं की मला फार वाईट वाटतं. त्वरण शून्य असतं तर चेंडू तिथेच टांगलेला राहिला असता.

पायवाट:

आत्ता डोक्यात बसलं. म्हणजे वेग दुप्पट असेल तर थांबायचं अंतर चौपट? ताशी ३६ ला १० मीटर आणि ७२ ला ४० मीटर?

लंबक:

हो, व्ही² वजा यू² मधल्या वर्गामुळे. आणि ते ब्रेक लागल्यापासूनचं अंतर झालं. ब्रेकवर पाय जायला समजा १ सेकंद गेला तर त्यात गाडी पूर्ण वेगानेच चालते, ७२ ला आणखी २० मीटर, एकूण ६०. हा पहिला सेकंद वेगळा धरायचा, तिथे त्वरण शून्य आहे. दोन तुकडे, दोन वेगळे हिशोब. सगळं एकाच समीकरणात कोंबायला गेलं की चुकतं.

मध्यबिंदू:

मला मूळ प्रयोगाबद्दल एक खटकतंय. उतार ६ सेमी, लांबी २०० सेमी, म्हणजे साइन थीटा ०.०३ (थीटा हा उताराचा कोन, जी हे गुरुत्व त्वरण). जी साइन थीटा केलं तर ९८० × ०.०३ = २९.४ सेमी/से² यायला हवं. आलंय २०. एवढं एक तृतीयांश घर्षणात गेलं?

लंबक:

घर्षणात गेलं असं नाही म्हणता येणार. २९.४ हे घसरत जाणाऱ्या ठोकळ्याचं, तेही घर्षण नसताना. गोळी गरगरत उतरते, गुरुत्वाने दिलेल्या ऊर्जेतला काही भाग तिला फिरवण्यात जातो. भरीव गोळी सपाट पृष्ठभागावर न घसरता गडगडली तर त्वरण जी साइन थीटाच्या ५/७ पट, म्हणजे इथे २१.०. पाऊलखूण, गोळीचा व्यास आणि चराची रुंदी मोजून सांगाल का?

पाऊलखूण:

गोळी २५ मिमी, चर ९ मिमी.

लंबक:

मग बघा. गोळी चराच्या तळावर बसत नाही, चराच्या दोन कडांवर बसते. म्हणून ती १२.५ मिमी त्रिज्येवर गडगडत नाही, त्यापेक्षा लहान त्रिज्येवर गडगडते. १२.५ चा वर्ग १५६.२५, त्यातून चराच्या निम्म्या रुंदीचा, ४.५ चा, वर्ग २०.२५ वजा, उरले १३६, हा त्या लहान त्रिज्येचा वर्ग. त्रिज्या लहान झाली की तेवढंच अंतर जायला तिला जास्त गिरक्या घ्याव्या लागतात, फिरण्यात जास्त ऊर्जा जाते. २९.४ ला (१ + ०.४ × १५६.२५/१३६) ने भागा, २०.१ येतं. तुमचं २०.०. उंची पट्टीने मोजताना एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी या उत्तरात ०.३ चा फरक पडतो, त्यामुळे याहून जास्त जुळवाजुळव करू नका, हे उत्तम जुळलंय.

मध्यबिंदू:

चराच्या रुंदीमुळे त्वरण बदलतं हे मला स्वप्नातही सुचलं नसतं.

पाऊलखूण:

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं सांगतो. भाचीला म्हटलं आता टोक ६ ऐवजी १२ सेमी उचलू, १६० पर्यंत यायला किती वेळ लागेल ते आधी लिहून ठेव, मग सोडू. माझा अंदाज होता २ सेकंद, उतार दुप्पट म्हणजे वेळ निम्मा. ती म्हणाली नाही मामा, त्वरण दुप्पट होईल, ४०, वेळ नाही होणार निम्मा. तिने लिहिलं, ३२० भागिले ४० = ८, वर्गमूळ २.८३ सेकंद. मग स्वतःच पुढे ३० ने गुणलं आणि बाजूला ‘८५ फ्रेम’ लिहून त्याला चौकोन केला.

गोळी सोडली, व्हिडिओ काढला, ती एकेक फ्रेम पुढे सरकवत मोठ्याने मोजत होती. ८४ व्या फ्रेमला कड १६० च्या अलीकडे होती, ८५ व्या फ्रेमला पलीकडे.